नेपल्सच्या त्या खोलीतली आपली बाई

नागपूर, रविवार

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "जहाज कसं होतं?" एवढंच विचारलंस आणि बाबांनी जेवणाच्या पदार्थांची यादी सांगण्यातच फोन संपवला. म्हणून हे पत्र. जहाज छानच होतं. पण मला सांगायचंय ते आमच्या समुद्रसफरीतल्या इटलीच्या नेपल्स बंदरातल्या दिवसाबद्दल.

तू पाठवलेल्या कागदावर त्या एका दिवसात पॉम्पेईचे अवशेष, व्हेसुव्हियस ज्वालामुखी, कॅप्री बेट आणि सोरेंतो गाव असं सगळंच होतं. अरे, जहाज सकाळी धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी सुटायच्या बरंच आधी परत चढायचं असतं. जहाजवाल्यांनीच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपले आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. आम्ही आपले आपणच गेलो. सहलीचा भाव ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात आपलं सगळं घर पचमढी पाहून येते." गारिबाल्दी स्टेशनावरून पॉम्पेईची लोकल मिळते, पाऊण तासाच्या आतला रस्ता. खिडकीतून व्हेसुव्हियस सारखा दिसत राहतो, त्यामुळे तो पाहायचा राहिला असं काही समजू नकोस.

पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये त्याच डोंगराच्या राखेखाली गाडलं गेलं. खणायला १७४८ मध्ये सुरुवात झाली, तरी गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून जमिनीखालीच आहे. रस्ते काळ्या दगडाचे, त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. मध्ये मध्ये उंच दगड ठेवलेत, म्हणजे पाय न भिजवता रस्ता ओलांडता यावा, आणि दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकंही निघावीत. ओम त्या दगडांवरून उड्या मारत तिथेच रमला. बाबांचा मुक्काम मात्र खाण्याच्या दुकानापाशी. दगडी ओटा, त्यात बसवलेले मोठे रांजण, समोर रस्ता. "ही तर तर्री-पोह्याची टपरी आहे नं," म्हणून त्यांनी फोटो काढून घेतला. एका बेकरीच्या भट्टीत जळून कोळसा झालेले ८१ पाव सापडले होते, हे ताईने वाचून दाखवलं. त्या दिवशी सकाळी कोणीतरी ते भट्टीत लावले असणार आणि काढायला वेळच मिळाला नसणार. मला त्या पावांचंच जास्त वाईट वाटलं, खरं सांगते. माणसांचे ते पांढरे पुतळे आहेत नं, राखेत देह नाहीसे होऊन उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून केलेले, त्यांच्यापाशी लोक हसत सेल्फी काढत होते. मी पुढे निघून गेले. ती युक्ती फिओरेल्ली नावाच्या अधिकाऱ्याची, १८६३ सालची. आपल्या नागपूरचं संग्रहालय, अजब बंगला, सुरू झालं तेच साल.

दुपारी वाद झाला. जावईबापूंना बोटीने कॅप्रीला जायचं होतं, बाबांना नेपल्सचं संग्रहालय. शेवटी बाबा जिंकले, आणि बरं झालं. तिथे एक "गुप्त दालन" आहे, पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तूंचं. लहान मुलांना मोठ्यांशिवाय आत सोडत नाहीत. जावयासोबत असल्या खोलीत शिरायचं म्हणजे काय ते तू समजून घे. मी ओमला घेऊन बाहेरच थांबणार होते, पण बाबांनी आतून हाक मारली, "अगं, इकडे ये, आपली बाई आहे इथे!"

खरोखरच आपली. वीतभर हस्तिदंती मूर्ती, अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण दागिने भरगच्च, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात सापडली. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच जण यक्षी म्हणतात. बाबांना ती आधीपासून ठाऊक होती, कारण नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन केलं, तिथे अशीच हस्तिदंती मूर्ती निघाली होती आणि ते त्यांनी कॉलेजात असताना ऐकलं होतं. सातवाहनांच्या काळात आपल्याकडचा माल समुद्रामार्गे रोमपर्यंत जायचा. आम्हाला तिथे पोचवायला एवढं मोठं जहाज, वर वातानुकूलित खोली. आणि ती शिडाच्या गलबतातून, मोसमी वाऱ्याच्या भरवशावर गेली. बाबा काचेपुढून हलेचनात. जावईबापूंनी कॅप्रीचं नाव परत काढलं नाही.

तर तुझ्या पुढच्या याद्यांविषयी माझं म्हणणं एवढंच, की एका बंदरात एकच गोष्ट ठेव. फार तर दोन, त्याही एकमेकींना धरून असलेल्या.

तशीच आणखी एक बाई तेरला आहे, गोरोबाकाकांच्या गावात, तिथल्या लामतुरे संग्रहालयात. नेपल्सची पाहून आलो आणि धाराशिव जिल्ह्यातली पाहिली नाही, हे काही बरं दिसत नाही. दिवाळीत येशील तेव्हा गाडीची सर्व्हिसिंग आधीच करून ठेवू. रजा मात्र दोन दिवस जास्तीची टाक, तेर एका दिवसात जाऊन यायचं गाव नाही.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी
आई