स्वारगेटच्या बाकावरच्या ताई, तुमचे आभार

बाबांची खालची अक्कलदाढ आठवडाभर ठणकत होती. लवंग, मिठाच्या गुळण्या, मेडिकलमधली गोळी, सगळं करून झालं होतं. दातदुखीच ती, गावी जाऊन दाखवू, असं म्हणत आम्ही रात्री स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो.

शेजारच्या ताई बाबांकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "काका, आ करा बरं." तोंड बोटभरही उघडेना. हनुवटीखाली दगडासारखी टणक सूज, अंगात ताप, आवाज बदललेला. थुंकी गिळवत नव्हती म्हणून हातातला रुमाल चिंब भिजलेला. तो रुमाल मीही पाहत होतो, पण त्याचा अर्थ त्यांना कळला.

"गाडी सोडा. सकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात न्या. आणि आडवं झोपवू नका, बसूनच ठेवा."

दाढेतला पू जिभेखाली पसरला होता. डॉक्टर त्याला लुडविग्ज अंजायना म्हणाले. ही सूज श्वासाची वाटच बंद करू शकते. रात्रीच चीर देऊन पू काढला, दाढ काढली, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं.

ताई, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. भाड्याचे पैसे न घेता निघून गेलेल्या रिक्षावाल्या दादांचंही. तुम्हा दोघांचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

बाबांनी परवा भाकरी खाल्ली. दुधात कुस्करून, पण पोटभर.