मॉरींची लॉगबुके कोणी भरली?

महोदय,

कालच्या पुरवणीतला मॅथ्यू फॉन्टेन मॉरी यांच्यावरचा लेख वाचला. एका अमेरिकी नौदल अधिकाऱ्यासाठी आपण अर्धे पान खर्ची घातलेत, त्याबद्दल आधी आभार. आता भांडतो.

लेखातली ‘सागरी प्रवाहांचे जनक’ ही चौकट कोणाची? मॉरी जन्मले १८०६ साली. त्याच्या कितीतरी आधी बेंजामिन फ्रँकलिनने गल्फ स्ट्रीमचा, म्हणजे अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहाचा, नकाशा छापून घेतला होता, तोही नात्यातल्या एका नँटकेट बेटावरच्या कप्तानाला विचारून. प्रवाह दर्यावर्दींना ठाऊक होतेच, फक्त त्यांना कोणी विचारत नव्हते. मॉरींनी विचारले. १८३९ मध्ये घोडागाडी उलटून पाय कायमचा अधू झाला, बोटीवरची नोकरी सुटली आणि १८४२ मध्ये वॉशिंग्टनच्या नकाशे-उपकरणांच्या कोठारावर नेमणूक झाली. तिथे जुन्या लॉगबुकांचे, म्हणजे बोटींच्या रोजच्या नोंदवह्यांचे, ढीग धूळ खात पडले होते. त्यांतले वारे आणि प्रवाह या गृहस्थाने जागा नि महिना लावून वेचून काढले. पुढे व्यापारी कप्तानांशी सरळ सौदा केला: नोंदी भरून आणा, नकाशा फुकट न्या. ‘फ्लाइंग क्लाउड’ ही शिडाची बोट १८५१ मध्ये न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, ती मॉरींच्या माहितीच्या आधारे. तो मार्ग आखणारी होती कप्तानाची बायको, एलेनॉर क्रीसी. लेखात बोटीचे चित्र आहे, बाईंचे नाव नाही!

माझा राग जरा वैयक्तिकही आहे. मी बोटीवर सेकंड मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) असताना हवामानाच्या नोंदी माझ्याकडे असत. मध्यरात्रीच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, दोरी बांधलेली बादली समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचे आणि वारा लागून ते गार व्हायच्या आत त्यात थर्मामीटर बुडवून आकडा घ्यायचा. केपच्या बाहेर हिवाळ्यात हे करताना एका लाटेने बादली हिसकावून नेली. हाताची साल गेली, पण नोंद चुकवली नाही. पुढे किनाऱ्यावरच्या एका कार्यालयात कामाला गेलो, तर तसल्याच लॉगबुकांचे गठ्ठे सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवलेले, खालच्या निम्म्यांना वाळवी. चौकशी केली तर तिथले साहेब म्हणाले, “तुम्हाला हवीत का? घेऊन जा.” असल्या गठ्ठ्यांचे मोल ज्याला कळले, त्याच्यावर लिहिताना आपल्या लेखकाला कप्तान-मेटांसाठी एक वाक्य सापडू नये? अमेरिकेच्या पायलट चार्टवर, म्हणजे वारे-प्रवाह दाखवणाऱ्या नकाशावर, मॉरींच्या संशोधनाचा उल्लेख छापलेला असे; तो नकाशा मी कित्येक वर्षे समोर पसरून बसलो आहे. त्यांच्याविषयी आदर मला शिकवू नये.

आणि आदर आहे म्हणून सगळे झाकायचे असेही नाही. अमेरिकेच्या यादवीबद्दलचे लेखातले ‘यादवी युद्धात त्यांनी मातृभूमीची सेवा केली’ हे वाक्य फारच सोज्वळ आहे हो! १८६१ मध्ये त्यांनी अमेरिकी नौदलाचा राजीनामा दिला आणि गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांकडे गेले. अमेरिकी बोटी उडवायला विजेचे पाणसुरुंग तयार केले. त्याआधी दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी आपापले गुलाम घेऊन ॲमेझॉनच्या खोऱ्यात वसावे, हा बेतही त्यांचाच. अमेरिकेतल्या रिचमंड शहरातला त्यांचा पुतळा २०२० मध्ये हलवला. लेखात पुतळ्याचा फोटो मात्र दिमाखात, जणू आजही तो चौकात उभा आहे.

जाता जाता आणखी एक. भरती-ओहोटीच्या वेळा आपण छापणे बंद केलेत, त्याला वर्ष होत आले. त्या जागी आता राशिभविष्य दोनदा येते, एकदा चंद्रराशीनुसार, एकदा सूर्यराशीनुसार. आमच्या बंदरातली होडकी यांपैकी कोणत्या राशीवर बाहेर काढायची, तेवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त बोटवाला, रत्नागिरी