मागच्या खोलीच्या भिंती

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

नव्या खोलीला जिप्सम करू की सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी, असं विचारलंस. चिपळूणच्या पावसात सिमेंटच. जिप्समला पाणी मारावं लागत नाही, भिंत गुळगुळीत होते, काम लवकर उरकतं, सगळं खरं. पण ओल लागली की ते मऊ पडतं. आणि तुझी एक भिंत दरडीच्या अंगाला आहे.

खरी गोम घराच्या जुन्या भिंतीत आहे, जिला ही खोली जोडली. कालपर्यंत ती बाहेरची होती, तिच्यावर बाहेरचा रंग आहे. त्यावर गिलावा धरत नाही. पुढे बोटानं वाजवलंस तर पोकळ बोलतो. रंग पूर्ण खरवडायचा, छिन्नीनं जवळजवळ टाचे (खाचा) मारायचे, धूळ झाडून भिंत भिजवायची, मगच गिलावा. प्रमाण एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू, जाडी 12 मि.मी.

जुनी-नवी भिंत जिथे भेटते त्या दोन कोपऱ्यांत मिस्त्री चिकन जाळी (बारीक तारेची जाळी) ठोकून लिंपून देतो म्हणेल. कॉलम आणि विटांच्या सांध्याला जाळी ठीक, इथे नाही. जुना पाया केव्हाच बसलाय, नवा अजून थोडा बसणार. जाळीसकट उभी भेग पडते. गिलावा ओला असतानाच वरपासून खालपर्यंत 10 मि.मी.ची खाच सोडायला लाव. वाळली की त्यात रंग घेणारं लवचीक सीलंट भरायचं. कोपऱ्यात ते डोळ्यांत भरत नाही.

गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचं, मग भिंत तीन-चार आठवडे नुसती वाळू दे. दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेव. आतून घाम आला तर थांब, नाहीतर रंगाचे पोपडे ठरलेले.

पुट्टी पांढऱ्या सिमेंटचीच घे, दोन हात, मिळून दीड मि.मी.च्या वर नाही. 10 बाय 12 ची खोली, 10 फूट उंची. दार-खिडकी वजा जाता 400 चौ. फूट. 40 किलोची एक गोणी पुरेल असं दुकानदार म्हणेल. भिंत खडबडीत असेल तर दीड जाते. कालवलेली दोन-अडीच तासांत संपवायची, घट्ट झाली म्हणून पुन्हा पाणी घालायचं नाही.

खड्डे पुट्टीनं भरू देऊ नकोस, ते गवंड्याचं काम. त्याचा हिशेब चुकता करण्याआधी सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला उभी-आडवी लाव आणि मागून बॅटरी धर. उजेडाची फट 3 मि.मी.हून मोठी दिसली तर तेवढा भाग परत करून घे.

तुझे,
बाबा