विशेषणं शेवटी

हर्णै, रविवार

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता रेंज गेली ती गेलीच, मागोमाग लाइट गेली. बाबा म्हणाले, उद्या कर फोन. पण तू जे विचारलंस ते फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून सकाळीच कागद घेऊन पडवीत बसले आहे. अक्षराला हसू नकोस, चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझी तक्रार अशी, की 'श्यामची आई'तले दोन प्रसंग तू वर्गात वाचून दाखवलेस, आईचं स्वभावचित्रण लिहून आणायला सांगितलंस, आणि एकतीसच्या एकतीस वह्यांत तेच निघालं: आई प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी व संस्कारी होती. मागच्या महिन्यात दुसऱ्याच धड्यातल्या म्हाताऱ्या शिपायालाही त्यांनी हेच चिकटवलं होतं, फक्त 'होती'चं 'होता' केलं. तू पोरांवर चिडलीस. मला मात्र तिकडून ऐकताना हसू येत होतं. अगं, ही विशेषणं मीच कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले. तुझी पोरं काय, गाईड काय, सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंदरावरचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. याच प्रश्नाला त्याने लिहिलं, 'आई मारकुटी आहे. श्याम पोहायला घाबरून लपून बसला तर तिने त्याला मारत बाहेर काढलं.' मी त्यावर लाल रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'आई अशी नसते! पुन्हा वाच.' शून्य मार्क दिले. आता बघ, पुस्तकात ती मारतेच. तो वाचून आला होता, वाचलं नव्हतं ते मी. माझ्या डोक्यात आईचं एक चित्र पक्कं बसलेलं, त्यात ती मारायची शिपटी कुठे बसत नव्हती.

म्हणून म्हणते, ते दोन प्रसंग पुन्हा घे, आणि या वेळी शेजारी शेजारी ठेव. एकात श्याम अंघोळ करून उभा आहे, ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून अडून बसलाय. आई लुगड्याचे ओचे पसरते आणि त्याला त्यावर पाय ठेवू देते. मग ते मनाला घाण लागू न देण्याचं बोलते. पोरांना तेवढं बोलणंच पाठ असतं, सुविचार म्हणून शाळेच्या भिंतीवरही असतं. तू त्यांना विचार, बोलायच्या आधी तिने काय केलं? नेसतं लुगडं भिजू दिलं. हट्ट पुरवला आणि मगच शिकवलं. दुसऱ्या प्रसंगात हीच बाई त्याच पोराचा हट्ट मारून मोडते, कारण तिच्या मुलाला कोणी भित्रा म्हटलेलं तिला चालणार नाही. आता विचार, ओचे पसरणारी खरी की मारणारी? कोणी ना कोणी म्हणेल, 'बाई, दोन्ही.' तिथे घाई करू नकोस. 'दोन्ही कशी?' एवढंच विचार आणि खडू खाली ठेव. माझा अनुभव असा, की त्या शांततेत बाईलाच जास्त अवघडायला होतं आणि ती स्वतःच उत्तर सांगून मोकळी होते. तू सांगू नकोस.

मग त्याच तासाला किंवा दुसऱ्या दिवशी विचार, हे सगळं सांगतंय कोण? मोठा झालेला श्याम. साने गुरुजी आपल्याच दापोली तालुक्यातले, पालगडचे. पुस्तक लिहिलं ते १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. त्यांची आई १९१७ सालीच गेलेली. नववीतल्या पोरांना लेखक आणि निवेदक यांतला फरक व्याख्येने कळत नाही, पण एवढं नक्की कळतं की आई जाऊन पंधराएक वर्षं झालेला माणूस तुरुंगात बसून आई सांगतो, तेव्हा तो काय काय आठवेल आणि काय गाळेल. शिपटी त्याने गाळली नाही, हे मला फार वाटतं.

बी.एड.ला असताना आम्हाला इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरची सपाट पात्रं आणि गोल पात्रं शिकवली होती. १९२७चं पुस्तक आहे ते. त्यातली गोल पात्राची कसोटी चांगली आहे: पात्र आपल्याला चकित करतं का, आणि चकित करूनही पटतं का. पण ते शब्द वर्गात नेऊ नकोस. मी नेले होते. आठवड्याभरात पोरं 'प्रेमळ'च्या जागी 'गोल' लिहायला लागली.

त्यापेक्षा त्यांना क्रियापदांवर आण. आपली भाषा इथे फार श्रीमंत आहे आणि पोरांना ती आयतीच येते. फळ्यावर लिही: त्याने दार लावलं. दार लोटलं. दार आपटलं. दार ओढून घेतलं. चारही माणसं वेगळी. किंवा चहा घे. एकजण चहा पितो, एकजण ढोसतो, एकजण बशीत ओतून भुरके मारतो, आणि एकजण साय येईपर्यंत कप समोर ठेवून बसतो. हा शेवटचा कोण, काय झालंय त्याला, असं विचारलंस की वर्गाला कंठ फुटेल. तसंच 'अहो' आणि 'अरे'चं. गोष्टीत कोणी 'तुम्ही'वरून एकदम 'तू'वर आलं, तर तिथे पेन्सिलने खूण करायला लाव. खूण केलेल्या जागी काहीतरी घडलेलं असतंच.

एक मात्र सांभाळ. तुझी मुलं घरी मालवणी बोलतात आणि वर्गात पुस्तकी. गोष्टीत गावाकडचं कोणी बोलीत बोललं की ती हसतात, माझीही हसायची. त्यांच्या मनात बोली म्हणजे विनोदी नाहीतर अडाणी माणूस. स्वतःच्याच आजीची भाषा! विचार त्यांना, लेखकाने गड्याला बोली दिली आणि मालकाला प्रमाण भाषा दिली ती का? मालक घरात काय बोलत असेल? पुढे कधी पु. लं.चा अंतू बर्वा वाचून दाखव. रत्नागिरीचा तो म्हातारा बोलतो तिरकं, पोरं आधी खदखदून हसतील. हसून झालं की विचार, याच्या घरात संध्याकाळी काय असेल? मी एकाच वर्षी हे केलं. उत्तरं मी आता लिहीत नाही, तुझी तू ऐक.

शनिवारी शाळा लवकर सुटली की त्यांना किनाऱ्यावर ने. मी आमच्या नववीला इथे संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला नेत असे. वही मांडीवर आणि अट एकच: एक माणूस निवडायचा, तो काय करतो आणि काय बोलतो तेवढंच लिहायचं, विशेषण एकही नाही. एका मुलीने लिहिलेलं अजून लक्षात आहे. एक म्हातारी बांगड्यांची पाटी घेते. आपल्या नोटा दोनदा मोजून देते, उरलेले पैसे परत येतात ते न मोजताच कमरेला खोचते. मांजर आलं तर आईबहिणीवरून शिव्या घालते आणि एक बांगडा त्याच्यापुढे टाकते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर भांडण! कंजूष आहे, नाही, व्यवहारी आहे. मग आलेले पैसे का मोजले नाहीत? देणाऱ्याला ओळखत असेल. मग त्याला देताना दोनदा का मोजले? 'कमी गेले तर लाज वाटेल म्हणून,' असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. तुझ्याकडे तर रापण आहे. जाळ्याचे दोर किनाऱ्यावर ओढायला अख्खी आळी जमते. कोण जीव तोडून ओढतो, कोण नुसता हात लावून उभा राहतो आणि वाटे पडताना पुढे येतो, हे पोरांना आधीपासून माहीत आहे. फक्त ते लिहायचं असतं हे माहीत नाही.

परीक्षेचं म्हणशील तर मार्क बुडत नाहीत. कृतिपत्रिकेत स्वमताला पाच-सात ओळीच लिहायच्या असतात. त्यात प्रसंग आधी येऊ दे, मग एक 'पण', आणि विशेषण सगळ्यात शेवटी, तेही स्वतः कमावलेलं. आणि शब्द वाढव त्यांचे. प्रत्येकाने आजीकडून माणसाच्या स्वभावाचा एक शब्द आणायचा. माझ्या वर्गात असेच भिडस्त, हेकट, घुमा, खवट, आतल्या गाठीचा असे कितीतरी जमले होते. 'घुमा' आणि 'शांत' यांतला फरक सांगताना एका मुलाने स्वतःच्या वडिलांचं उदाहरण दिलं. तिथे मी विषय बदलला. ते तूही बघ; पात्रांबद्दल बोलता बोलता पोरं घरातलं बोलून जातात, आणि वर्ग हसला तर पुन्हा तोंड उघडत नाहीत.

त्या एकतीस वह्यांवर अजून लाल शाई लावली नसशील तर लावू नकोस. तशाच परत दे आणि प्रत्येक विशेषणाखाली 'कशावरून?' एवढंच पेन्सिलने लिही.

तो बंदरावरचा मुलगा आता होडी बाळगून आहे. सुरमई घ्यायला गेले की 'बाई' म्हणून उठून उभा राहतो आणि चांगला तुकडा बाजूला काढून ठेवतो. त्या शून्याचं त्याला आठवतं की नाही, विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

बाबांनी आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. मंगळवारी एसटीने पाठवतो, स्टँडवर जाऊन घे. पिशवीला निळी नाडी आहे.

तुझी
आई