पेटी घेऊ नकोस

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

दुर्बिणीसाठी घेऊ का म्हणून तू पाठवलेला पेटीचा फोटो पाहिला. ॲल्युमिनियमची पेटी, आत स्पंजच्या खाचांत पाच आयपीस, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांच्या नळ्या, पट वाढवणारा एक बार्लो आणि रंगीत फिल्टरांची ओळ. सोनाराच्या दुकानासारखी मांडणी आहे. घेऊ नकोस.

तुझ्या सहा इंची आरशाच्या डॉब दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर. त्याला आयपीसवरच्या मिलिमीटरच्या आकड्याने भागलं की किती पट मोठं दिसेल ते कळतं. सोबत आलेला २५चा ४८ पट देतो, १०चा १२० पट. पेटीतला ४चा ३०० पट देईल, पण कागदावर. दीडशे मिलिमीटरच्या आरशाची ती शेवटची हद्द. त्यात तुमची गच्ची दिवसभर तापणार आणि रात्रभर ती ऊब सोडत बसणार. त्या हवेतून शनी उकळत्या आमटीत पडल्यासारखा दिसेल. शिवाय १२० पटीच्या मानाने सहापट अंधूक.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा माझ्या मामांनी मस्कतहून ६० मिलिमीटरची दुर्बीण आणली होती. खोक्यावर भलामोठा आकडा होता, म्हणून मी हट्टाने सगळ्यात बारीक आयपीस लावून बसलो. धूमकेतू म्हणजे पसरट, फिका पुंजका, तो कमी पटीतच दिसायचा. मला पहाटेपर्यंत नुसता काळोख दिसला. शेवटी शेजाऱ्यांच्या साध्या बायनॉक्युलरमधून पाहिला. मामांना मात्र आजतागायत सांगितलेलं नाही.

तेव्हा दोन महिने काहीच घेऊ नकोस. २५ने शोधायचं, १०ने निरखायचं, एवढंच. मग चैन म्हणून एक ३२चा प्लॉसल घे, हा आयपीसचाच एक साधा प्रकार. त्यात सव्वा अंश आकाश मावतं, म्हणजे अडीच चंद्र शेजारी शेजारी. कृत्तिकांचा झुबका त्यात बघ. मृगातला तेजोमेघही.

आणि तुझा चष्मा. पेटीवाले हे कधी सांगत नाहीत. १०च्या प्लॉसलला डोळा जेमतेम सात मिलिमीटरवर न्यावा लागतो, चष्म्याची काच आड येते. तिथे चष्मा काढ आणि फोकस फिरव, मायनस नंबर त्यात भरून निघतो. तुझा सिलिंड्रिकल नंबर फोकसने जात नाही, पण जास्त पटीला प्रकाशाची शलाका इतकी बारीक होते की तो फारसा जाणवत नाही. कमी पटीला मात्र तारे शेपटीवाले दिसतील. ३२च्या आयपीसमागे डोळ्याला वीसेक मिलिमीटर मोकळी जागा असते, तिथे चष्मा लावूनच बघ.

बार्लो नंतर, दुप्पट करणारा एकच. रंगीत फिल्टर कधीच नको. चंद्र डोळ्यांत खुपला तर गच्चीतला दिवा लाव, फिल्टरचे पैसे वाचतील. आयपीसला फिरवून बसवायचा सूर्याचा काळा फिल्टर कुठे फुकट मिळाला तरी फोडून टाक. एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो आणि डोळा जातो. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या तोंडावरच, नाहीतर सूर्य बघायचाच नाही.

टॉर्चला लाल जिलेटीन पेपर गुंडाळ, काळोखाला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. पावसाळ्यात आयपीस स्टीलच्या डब्यात, सिलिका जेल घालून. माझ्या एका भिंगावर चिपळूणच्या दोन पावसाळ्यांत बुरशीची जाळी चढली होती. आणि ओढणीने पुसायचं नाही!

आरसे सरळ आहेत का ते पाहायला महागडं लेझर मागवू नकोस. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी आयपीसच्या जागी नीट बसते. तळ कापून झाकणाला बरोबर मध्यावर भोक पाडलंय, त्यातून बघितलं की कळेल. उद्याच्या कुरिअरने पाठवतो. आईने इतकी वर्षं तिच्यात हिंग ठेवला होता, दोनदा धुतली तरी वास येतोच आहे.

तुझा,
बाबा