आशाताईंच्या यादीत लघवीची तपासणी घाला

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

आईची जोडवी बोटांत रुतायला लागली, धाप लागायला लागली, तेव्हा तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाण्याची गोळी वाढवली. सूज उतरली, पण रक्तातलं क्रिएटिनिन (किडन्या नीट गाळत नसल्या की साचणारा कचरा) चढलं. मग किडनीच्या डॉक्टरांनी तीच गोळी निम्म्यावर आणली आणि पंधरा दिवसांत आई पुन्हा उशांना टेकून, बसूनच रात्र काढू लागली. वर्षभर दोन फायली, औषधांच्या दोन पिशव्या आणि मध्ये निरोप पोचवणारी मी.

जुने कागद चाळताना तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला. क्रिएटिनिन १.४. ‘थोडंसंच जास्त आहे’ म्हणून तेव्हा सोडून दिलेलं. पण ६२ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.४ म्हणजे ईजीएफआर (किडन्या किती वेगाने रक्त गाळतात त्याचा अंदाज) जेमतेम ४२. किडन्यांचं निम्म्याहून जास्त काम तेव्हाच थांबलं होतं. हा हिशेब त्या कागदावर कुणी मांडलाच नव्हता. त्याला वेगळं रक्त लागत नाही, नुसतं वय आणि स्त्री की पुरुष एवढं घालून गणित करायचं असतं!

हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. हृदय थकलं की तो कमी पडतो, शिरांत रक्त तुंबतं आणि त्याचा दाबही किडन्यांवर येतो. किडन्या बिघडल्या की मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, भार फिरून हृदयावरच. किडनीचे कितीतरी रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने जातात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होतं, अँजिओप्लास्टी होते. त्याचा गरिबाला मोठा आधार आहे. पण तिथवर पोचायच्या आधीचं बघा. तिशीपुढच्या लोकांचं बीपी, शुगर गावातच तपासायचा कार्यक्रम आशाताईंच्या मदतीने चालू आहेच. त्यात ज्यांचं बीपी किंवा शुगर वाढलेली निघेल, त्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासा. किडनीचं दुखणं तिथे फार लवकर कळतं, आणि हृदयाचा धोकाही. सरकारी लॅबच्या प्रत्येक क्रिएटिनिन रिपोर्टवर ईजीएफआर छापणं सक्तीचं करा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२३ मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली. हृदय आणि किडनी दोन्ही सांभाळणारी ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू द्या.

आणि जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी दोन्ही तज्ज्ञांना एका टेबलाशी बसवा, एकच फाइल समोर ठेवून.

आपली,
एका रुग्णाची मुलगी