कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मेस्त्री मामांस आभाराचे पत्र

आदरणीय मामा यांस,
सादर नमस्कार.

आमच्या ट्रेलरसाठी आपण जे केलेत त्याचे पैसे आपण घेतले नाहीत आणि आभारही धड मानू दिले नाहीत. ‘चहा झाला की, अजून काय’ म्हणून आपण उठून गेलात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतून घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणि ट्रेलर चालवणारे आमच्यासारखे छोटे व्यावसायिक पुष्कळ आहेत, त्यांच्याही हे कामी यावे अशी इच्छा आहे.

आमचा चाळीस फुटी ट्रेलर जुना, घरचा. त्याला ओढण्यासाठी गेल्या वर्षी आम्ही वापरलेला घोडा घेतला. विकणाऱ्याने ‘कुठलाही ट्रेलर लागतो’ असे सांगितले, आणि दोघांचे माप दोन इंची किंगपिनचेच (ट्रेलरच्या तळाशी असलेल्या जोडखिळीचेच) असल्याने तो लागलाही. घोड्याच्या चॅसीचे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचे, मागचे टोक आणि ट्रेलरचा तळ यांत किती जागा उरते, हे आम्ही विचारले तेव्हा एका गॅरेजमध्ये सपाट फरशीवर टेप लावून 110 मिलिमीटर सांगण्यात आले. ‘चार इंच आहे, चालतंय की’ या उत्तरावर आम्ही समाधान मानले, हा दोष आमचा.

आपण त्या दिवशी शेजारच्या लेथवर बुश घ्यायला आला होतात. आमची गाडी ब्रेक लायनरसाठी उभी होती आणि ट्रेलर सोडलेला होता. आपण वाकून चॅसीच्या मागच्या टोकाकडे पाहिलेत. तिथला रंग उडून बोटभर लांबीची चकचकीत रेघ पडली होती, आणि ‘ही रेघ कुणी काढली?’ एवढेच आपण आमच्या ड्रायव्हरला विचारलेत. ते गप्प राहिले, कारण उताराला मागून ‘कट्ट’ असा आवाज येतो हे त्यांना ठाऊक होते, परंतु तो स्प्रिंगच्या पट्ट्यांचा असावा असे ते धरून चालले होते.

त्यानंतर आपण जे केलेत ते मी जन्मभर विसरणार नाही. बापट कॅम्पातल्या मूर्तिकारांकडून आपण शाडू मागवलात, त्याचे वीतभर उंचीचे चार गोळे चॅसीच्या टोकावर आणि मडगार्डच्या पट्टीवर बसवलेत, ट्रेलर पुन्हा जोडायला लावलात आणि गाडी आमच्या शिरोलीच्या आवाराच्या उतारावरून गोगलगाईच्या चालीने खाली घ्यायला सांगितलीत. आमचे आवार सेवा रस्त्यापेक्षा खाली आहे. ज्या 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, त्याच पुरात आमच्या उताराचा मुरूम वाहून गेला आणि उतार दहाला एक इतका उभा झाला, ही गोष्ट आम्ही वाहनाशी कधी जोडलीच नव्हती. गाडी खाली आली तेव्हा टोकावरचे दोन गोळे भाकरीपेक्षाही पातळ झाले होते आणि त्यांवर ट्रेलरच्या आडव्या चॅनेलचा ठसा उमटला होता.

हिशेब आपण खडूने जमिनीवर मांडलात. फिफ्थ व्हील म्हणजे घोड्यावरची, किंगपिन अडकवायची जाड तबकडी; तिच्या मध्यापासून चॅसीचे टोक 1200 मिलिमीटर मागे. घोडा नाक खाली करून दहाला एक उतारावर आला आणि ट्रेलर अजून सपाटीवर असला, की ते टोक ट्रेलरच्या तळाकडे 120 मिलिमीटर वर येणार. जागा मात्र 110. ट्रेलरचे नाकही थोडे झुकते म्हणून रोज धडक न बसता नुसते घासत होते, हेही आपणच सांगितलेत. माल भरल्यावर घोडा बसतो, मग फट आणखी कमी होईल का, असे मी विचारले. फिफ्थ व्हील त्याच चॅसीवर बोल्टने बसवलेले असल्यामुळे दोन्ही बरोबरच खाली जातात, फट बदलते ती कलामुळे, हे आपले उत्तर ऐकेपर्यंत मी उलटेच समजत होते.

उपाय सुचवतानाही आपण घाई केली नाहीत. कोणीतरी चॅसीचे टोक गॅसने कापण्याचा सल्ला दिला, तेव्हा ‘चॅसीला आग दाखवायची नाही’ असे आपण स्पष्ट बजावलेत. फिफ्थ व्हील वेगवेगळ्या उंचीत मिळते आणि आमच्या घोड्यावर आधीच्या मालकाने बुटके बसवले होते. ते काढून 50 मिलिमीटर उंच घेतले, बोल्ट कंपनीने ठरवलेल्या प्रतीचेच आणि टॉर्क रेंचने आवळलेले. ट्रेलरचे नाक उचलले गेले तर मागच्या अ‍ॅक्सलवर भार सरकेल ही माझी शंका आपण धुडकावली नाहीत. किंगपिनपासून मागच्या चाकांपर्यंतचे नऊ मीटर दाखवून 50 मिलिमीटर तिथे किती नगण्य ठरतात ते समजावलेत. परंतु त्याच्याही आधी आपण मुरूम टाकून उतार पंधराला एक करायला लावलात. ‘गाडी बदलण्याआधी रस्ता बदला’ हे आपले म्हणणे स्वस्तातले होते आणि खरेही ठरले: टोक आता 80 मिलिमीटरच वर येते आणि जागा 160 आहे.

पुढच्या बाजूचे मापही आपण सुतळीने घेतलेत, ते मला विशेष आवडले. किंगपिन ट्रेलरच्या पुढच्या कडेपासून एक मीटर आत, ट्रेलरची अर्धी रुंदी सव्वा मीटर. सुतळीचे एक टोक किंगपिनच्या जागी धरून दुसरे कोपऱ्यापर्यंत ताणले तर 1.6 मीटर भरली. वळताना तो कोपरा तेवढ्या वर्तुळात फिरणार, म्हणून केबिनची मागची बाजू त्याच्या बाहेरच हवी. आमची 1.75 मीटरवर निघाली, तेव्हा आपण पहिल्यांदा हसलात. उतारावर गाडी तिरकी घालू नये, कारण हे फिफ्थ व्हील मागे-पुढे झुकते, आडवे फारसे झुकत नाही आणि एका कोपऱ्याची फट आधी संपते, हे आपण आमच्या तिन्ही ड्रायव्हरांकडून वदवून घेतलेत.

नंतर वाचनात आले की अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात फिफ्थ व्हील बसवून घरासारखे ट्रेलर ओढतात, आणि हौद्याच्या काठापासून ट्रेलरच्या तळापर्यंत साधारण साडेपाच ते सहा इंच जागा मोकळी ठेवतात. कारण तेच: सपाटीवरचे माप चढ-उतारावर आणि खड्ड्यात टिकत नाही. फिफ्थ व्हील हे नावच घोडागाडीच्या पुढच्या आसावर आडव्या बसवलेल्या चाकावरून आले, आणि आमच्याकडे ओढणाऱ्या गाडीला आजही घोडा म्हणतात, ही मला मोठी गंमत वाटते.

ज्या उद्यमनगराने म्हादबा मेस्त्रींसारखे कारागीर पाहिले, तिथल्या आपल्यासारख्या माणसाला मी कागदोपत्री काय देऊ? चपटे झालेले ते गोळे वाळवून माझ्या टेबलावर ठेवले आहेत. आता दुसऱ्या ट्रेलरसाठीही एक घोडा पाहिला आहे, पण व्यवहार केलेला नाही. येत्या खंडेनवमीला गाड्यांच्या पूजेसाठी आपण आवारात यावे, ही विनंती. शाडू मी मागवून ठेवते.

आपली नम्र,
शिरोलीतील एक वाहतूक व्यावसायिक